कीबोर्ड हेही अवजारच : पारखून घ्या, उघडून दुरुस्त करा

कारागिराची पारख त्याच्या अवजारावरून होते, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. शिंपी मलमलीला एका नंबरची सुई लावतो आणि जाड कापडाला दुसऱ्या. सुतार रंध्याचे पाते स्वतः घासून घेतो, दुसऱ्याच्या हाती देत नाही. यंत्रमागावरच्या विणकराला धोट्याचा आवाज जरा बदलला तरी कळते. पण हाच विणकर, हाच शिंपी आपल्या मुलाला डीटीपीचे किंवा हिशेब लिहिण्याचे दुकान थाटून देतो, तेव्हा संगणकाच्या किमतीवर दोन तास घासाघीस करतो आणि कीबोर्ड मात्र "कोणताही द्या" म्हणून उचलतो. वास्तविक दिवसभर बोटे ज्या वस्तूवर आपटतात, ती वस्तू कीबोर्डच आहे. संगणकाच्या दुकानातला रंधा तोच आणि सुईही तीच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याची रोजी टायपिंगवर चालते, त्याने उघडता येणारा आणि दुरुस्त होणारा कीबोर्ड घ्यावा. बाजारात त्याला मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात. आणि ज्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न आहे, अशा आपल्या तरुणांनी हे कीबोर्ड दुरुस्त करण्याचा आणि जुळवून देण्याचा धंदा हाती घ्यावा. दोन्ही गोष्टींसाठी आधी वस्तू समजून घेतली पाहिजे.

आत काय असते

तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या साध्या कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराची एकच चादर असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ थर. कळ दाबली की रबराचा फुगा बसतो आणि थर एकमेकांना चिकटतात. रबर कडक झाले, थरावरची रेघ उडाली किंवा चहा सांडला, तर बहुधा पूर्ण कीबोर्ड टाकावा लागतो. एक कळ बिघडली म्हणून शंभर चांगल्या कळा कचऱ्यात जातात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्याचे भाग मोजकेच : वरचे झाकण, खालचे घर, मधला सरकणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. कळ वर असते तेव्हा दांड्याचा पाय एका पट्टीला दुसरीपासून दूर धरून ठेवतो. कळ दाबली की पाय खाली सरकतो, पट्टी सुटून दुसरीला टेकते आणि अक्षर उमटते. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणलेली एमएक्स नावाची ही घडण आज जगभर चालते. तिच्या नेहमीच्या स्विचमध्ये कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते आणि अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटते. म्हणजे बोट तळापर्यंत आपटण्याची गरज नसते. पेटंटची मुदत संपल्यानंतर चीनमधील केल्ह, गॅटेरॉन, आउटेमू अशा नावांनी त्याच घडणीचे स्विच मोठ्या प्रमाणावर बाजारात आले आणि किंमत सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात आली.

ही वस्तू आपल्याला अगदी अपरिचित आहे असेही नाही. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा गोल्ड कीबोर्ड अनेक बँकांत, छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षे टकटक करीत राहिला. त्याच्या जुन्या कीबोर्डांत चेरीचे निळे स्विच असत. ज्यांनी त्याच्यावर काम केले ते त्याचा आवाज विसरलेले नाहीत. अमेरिकेत आयबीएमने १९८५ साली आणलेला मॉडेल एम हा वेगळ्या स्प्रिंगचा कीबोर्ड तर इतका पक्का निघाला की त्यांतले कित्येक आजही कामात आहेत.

तीन जाती

स्विचच्या मुख्य जाती तीन. पहिली सरळ जात : कळ वरून खालपर्यंत एकसारखी, न अडखळता, गुपचूप जाते. चेरीचा लाल आणि काळा स्विच या जातीचा. दुसरी टप्प्याची जात : मध्ये बोटाला एक बारीक उंचवटा लागतो, त्यावरून अक्षर उमटल्याचे कळते. तपकिरी स्विच या जातीचा. तिसरी आवाजाची जात : उंचवट्याबरोबर टिक असा स्पष्ट आवाज येतो. निळा स्विच या जातीचा.

रेटाही वेगळा असतो. चेरीच्या लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम, तपकिरीला ५५, तर निळ्या आणि काळ्याला ६० ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. हा फरक किरकोळ वाटेल. म्हणून एक ढोबळ हिशेब मांडू. मिनिटाला ३० शब्द हा आपल्याकडच्या संगणक टायपिंग परीक्षेचा पहिला वेग आहे. शब्दाला पाच कळा धरल्या तर मिनिटाला दीडशे, तासाला नऊ हजार आणि रोज सहा तास काम केले तर ५४ हजार कळा होतात. प्रत्येक कळीला १५ ग्रॅम जास्त रेटा म्हणजे दिवसाला ८१० किलोंचा जास्तीचा भार बोटांनी उचलला. हमालाच्या पाठीवर हे ओझे चढवताना आपण विचार केला असता. बोटांच्या बाबतीत कोणी विचारही करीत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हलका स्विच म्हणजे मनगटाच्या दुखण्यावरचे औषध नव्हे. खुर्चीची उंची, हाताची ठेवण आणि मधूनमधून विश्रांती यांना पर्याय नाही, आणि दुखणे राहिलेच तर डॉक्टरकडे गेले पाहिजे. शिवाय फार हलकी कळ जड हाताच्या माणसाला त्रासच देते. बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटते आणि चुका वाढतात. ज्याचा हात टाइपरायटरवर घडला आहे त्याला ६० ग्रॅमच बरे वाटतील.

कोणाला कोणता

हिशेबाचे काम करणाऱ्याने आधी कळांची संख्या पाहावी. आजकाल लहान, देखणे कीबोर्ड निघाले आहेत. त्यांत ६१ कळा असतात, आकड्यांचा उजवा गट नसतो आणि एफ-कळांची वरची ओळही नसते. टॅलीत पेमेंटची नोंद एफ-५ ने, पावतीची एफ-६ ने, विक्रीची एफ-८ ने होते. दिवसभर रकमा भरायच्या असतात. अशा माणसाने देखणेपणाला भुलून छोटा कीबोर्ड घेतला तर प्रत्येक नोंदीला दोन-दोन कळा दाबाव्या लागतील. त्याला १०४ कळांचा पूर्ण कीबोर्डच हवा. ज्याला आकड्यांचे काम फारसे नाही आणि टेबल अरुंद आहे, त्याने ८७ कळांचा घ्यायला हरकत नाही.

मराठी-उर्दू मजकूर टाइप करणाऱ्याला टप्प्याचा स्विच सोयीचा, कारण नजर हस्तलिखितावर असते आणि अक्षर उमटल्याची खूण बोटालाच मिळते. एकटाच बसणारा असेल आणि आवाज आवडत असेल तर निळा घ्यावा. पण एका खोलीत चार जण काम करीत असतील, किंवा घरी मुले झोपल्यावर काम चालत असेल, तर निळा स्विच शेजाऱ्यावर जुलूम ठरतो.

मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी हवेत सुताचे तंतू उडतात. तेथे केल्ह कंपनीच्या बॉक्स जातीचे स्विच पाहावेत. त्यात दांड्याभोवती चौकोनी भिंत असते आणि धातूचा संपर्क बंद घरात राहतो, त्यामुळे धूळ आणि ओल सहसा आत जात नाही.

कळीवरच्या टोपीचेही पाहावे. एबीएस प्लॅस्टिकची टोपी काही महिन्यांत बोटांनी गुळगुळीत होऊन चमकू लागते. पीबीटी प्लॅस्टिकची टोपी बराच काळ खरखरीत राहते. वरून छापलेले अक्षर घासून जाते. दोन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेले अक्षर, ज्याला डबल शॉट म्हणतात, ते टोपी संपेपर्यंत जात नाही.

रंग म्हणजे माप नव्हे

आता व्यापाऱ्याच्या जबाबदारीकडे वळू. लाल, निळा, तपकिरी हे रंग चेरीने आपल्या मालासाठी लावले आणि इतरांनी ते उचलले. पण रंग हे काही सरकारने ठरवलेले माप नाही. एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालपेक्षा जड असू शकतो आणि एकाचा तपकिरी दुसऱ्याच्या तपकिरीपेक्षा अधिक अडखळतो. म्हणून केवळ "निळा स्विच आहे" एवढे सांगून विकणे म्हणजे तागडी झाकून तोलण्यासारखे आहे. कोणत्या कंपनीचा, किती ग्रॅमचा, सोल्डर केलेला की काढता येणारा, या तीन गोष्टी विक्रेत्याने न विचारता सांगाव्यात आणि बिलावर लिहून द्याव्यात.

याहून वाईट प्रकार म्हणजे खोक्यावर मोठ्या अक्षरांत "मेकॅनिकल फील" लिहायचे आणि आत रबराची चादरच द्यायची. गिऱ्हाइकाला वाटते की आपण मेकॅनिकल घेतला. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक टोपी उपटून पाहावी. खाली स्वतंत्र चौकोनी स्विच आणि त्याच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसला पाहिजे. केवळ तसा दांडा पाहून समाधान मानू नये, कारण काही रबरी कीबोर्डही तो दांडा नकलून लावतात. म्हणून कळ अगदी सावकाश दाबून पडद्याकडे पाहावे. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये अक्षर अर्ध्या वाटेवर उमटते, रबरी कीबोर्डमध्ये तळाशी पोचल्यावर.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले, तेव्हा त्यांनी ओले धान्य वर का ठेवले नाही असा जाब विचारला आणि फसवणूक करणारा आपला नव्हे असे बजावले. ही हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. खोक्याच्या वरचे आणि खोक्याच्या आतले वेगळे असणे म्हणजे तोच ढीग. धान्याच्या जागी प्लॅस्टिक आले म्हणून हुकूम बदलत नाही.

इस्राफ कशात आहे

काही बांधव विचारतील : तीन-चारशे रुपयांत काम होत असताना अडीच-तीन हजार घालणे हा इस्राफ नाही का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाने दिले पाहिजे.

वरच्या हिशेबाप्रमाणे रोजच्या ५४ हजार कळा धरल्या तर वर्षाच्या ३०० दिवसांत १ कोटी ६२ लाख कळा होतात. त्यातल्या सहापैकी एक स्पेसची धरली तर त्या एकाच कळीवर वर्षाला २७ लाख ठोके पडतात. रबरी कीबोर्डची कळ साधारणपणे ५० लाख ते १ कोटी ठोक्यांची मानली जाते. म्हणजे कसून काम करणाऱ्याकडे ती दोन ते चार वर्षांत थकते. चांगल्या मेकॅनिकल स्विचला कंपन्या ५ कोटी किंवा त्याहून जास्त ठोके सांगतात. कंपनीचे सांगणे निम्म्यावर धरले तरी नऊ वर्षे झाली, आणि त्यानंतरही बदलायचा तो एक स्विच, पूर्ण कीबोर्ड नव्हे.

तेव्हा जो दिवसभर टाइप करतो त्याच्यासाठी हा खर्च इस्राफ नाही. पण जो दिवसातून दोन बिले काढतो त्याच्यासाठी आहे. त्याने साधा कीबोर्डच घ्यावा आणि उरलेले पैसे मालात घालावेत. तसेच परदेशांत आणि आता आपल्या महानगरांतही हा एक शौक झाला आहे. ॲल्युमिनियमचे घडवलेले कीबोर्ड, हजारो रुपयांच्या टोप्या, खाली रंगीबेरंगी दिवे आणि आवाज कानाला कसा लागतो यावर तासन्‌तास चर्चा. शौकिनाने आपल्या पैशाने काय करावे हे आम्ही सांगणार नाही. मात्र ज्याची रोजी कीबोर्डवर आहे त्याने दिव्यांना दमडीही देऊ नये. सूरह अल-फुरकानमध्ये उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधला मार्ग सांगितला आहे. स्वस्त वस्तू दर दोन वर्षांनी कचऱ्यात टाकणे हाही त्या मार्गावरून ढळण्याचाच एक प्रकार आहे, हे आपण विसरतो.

हाताला काम

आता कारागिरांसाठी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांची गर्दी वाढली आणि मोबाइल मात्र दिवसेंदिवस असे निघाले की ते उघडणेच अवघड. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती तर कधीच ओसरली. ज्यांच्या हाती सोल्डरिंगची कला आहे त्यांनी या कामाकडे पाहावे. याला महागडी यंत्रे लागत नाहीत. तापमान बदलता येणारे सोल्डरिंग आयर्न, कथील ओढणारा पंप, मल्टिमीटर, चिमटा, टोप्या उपटण्याचे तारेचे साधन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यावर सुरुवात होते.

नेहमीची तक्रार म्हणजे एकदा दाबले की अक्षर दोनदा उमटते, किंवा उमटतच नाही. कारण बहुधा पट्ट्यांवरचा मळ. अल्कोहोलने साफ करून पाहावे, न जमल्यास स्विच बदलावा. सोल्डर केलेल्या स्विचचे दोनच टाके असतात, दिवा असेल तर थोडे अधिक. जुन्या मेकॅनिकना ओळखीचा १एन४१४८ डायोड अनेक कीबोर्डांत प्रत्येक कळीमागे बसवलेला असतो. तो गेला तरी कळ मरते, म्हणून स्विच काढण्याआधी मल्टिमीटरने तपासावे. नवीन कीबोर्डांत स्विच सॉकेटमध्ये खोचलेले असतात, ते सोल्डरिंगशिवाय निघतात. मात्र बसवताना पाय वाकले नाहीत ना, हे पाहावे. काही स्विचना प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतात. पाटीत त्यांना भोके नसतील तर ते कापून बसवता येते.

दुसरे काम जुळवणीचे. गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे स्विच निवडून देणे, स्प्रिंग बदलून रेटा कमी-जास्त करणे, स्पेस आणि एंटरच्या खालच्या तारा खडखडत असतील तर त्यांना वंगण लावून शांत करणे. वंगणाच्या बाबतीत काळजी घ्यावी. शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल येथे चालत नाही. प्लॅस्टिकला चालणारे क्रायटॉक्ससारखे घट्ट वंगण बारीक कुंचल्याने अगदी पुसट लावायचे, धातूच्या संपर्काला लागू द्यायचे नाही. आवाजाच्या स्विचला शक्यतो लावूच नये, टिक बसते. शंभर स्विच उघडून लावायला अनेक तास जातात. म्हणूनच हे मेहनतीचे काम आहे आणि त्याची मजुरी मागायला संकोच करू नये.

तिसरे काम अक्षरांचे, आणि आमच्या मते यात सर्वांत मोठी संधी आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. उर्दूवाल्यांनी १९९४ पासून इनपेजवर काम केले. इतकी वर्षे झाली तरी टिकाऊ मराठी किंवा उर्दू अक्षरे असलेल्या टोप्या दुकानात सहज मिळत नाहीत. मुले कागदी स्टिकर लावतात आणि ते महिन्याभरात निघतात. आपल्यातले कित्येक जण कपांवर आणि टी-शर्टवर उष्णतेने शाई उतरवण्याचा व्यवसाय करतात. फिक्या रंगाच्या पीबीटी टोपीवर अक्षर याच तत्त्वाने उतरते आणि प्लॅस्टिकच्या आत मुरते. साचा वेगळा करावा लागेल, उष्णता किती द्यायची याचे प्रयोग करावे लागतील, काही टोप्या वाया जातील. पण लॅमिंग्टन रोडला जाऊन कोऱ्या टोप्यांचा एक संच आणून कामाला लागता येण्यासारखे हे आहे. आपली भाषा आपल्या बोटांखाली छापून देणारा माणूस आपल्यातूनच का निघू नये?

शेवटी संस्थांसाठी एक सूचना. आपल्या ट्रस्टांनी आणि जमाअतींनी ठिकठिकाणी संगणक केंद्रे काढली आहेत. ती लोकांच्या देणगीवर चालतात, म्हणजे ती अमानत आहे. तेथे मुलांचे हात दिवसभर कीबोर्डवर आपटतात आणि साधे कीबोर्ड फार टिकत नाहीत. अशा केंद्रांनी पुढच्या खरेदीत निदान काही कीबोर्ड स्विच काढता येणारे घ्यावेत, थोडे सुटे स्विच बरोबर घेऊन ठेवावेत आणि ते बदलण्याचे काम मुलांकडूनच करून घ्यावे. टायपिंग शिकायला आलेला मुलगा जाताना एक दुरुस्तीही शिकून जाईल.

कीबोर्ड आता जाणार, बोलले की टाइप होते, असे काही जण म्हणतात. पत्राचा मसुदा बोलून होईलही. पण रकमेतला एक शून्य सुधारायचा असतो, निकाहपत्रिकेतले एक नाव दुरुस्त करायचे असते, तेव्हा बोट कळीवरच जाते. तोवर ही कळ चांगली असावी, तिची किंमत खरी सांगितली जावी आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा हात जवळच्याच गल्लीत सापडावा. एवढे झाले तर घेणाऱ्याचा पैसा वाचेल, विकणाऱ्याची रोजी हलाल होईल आणि आपल्या चार तरुणांना काम मिळेल, इन्शाअल्लाह.